पाच वाजून चार मिनिटे

१९८९ च्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सची आठवण काढणाऱ्या चाहत्याला मालिकेचा निकाल विचारू नये. निकाल त्याला पाठ असतो, पण त्याला सांगायचे असते ते दुसरेच. त्या मंगळवारी संध्याकाळी आपण कुठे होतो, कोणाबरोबर होतो, घरी पोहोचायला किती तास लागले, इथूनच त्याची गोष्ट सुरू होते.

वर्ल्ड सिरीज म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या मोसमाचा शेवट. दोन लीगचे विजेते समोरासमोर येतात आणि आधी चार सामने जिंकेल तो संघ अजिंक्य ठरतो. त्या वर्षी दोन्ही विजेते एकाच खाडीच्या दोन काठांवरचे निघाले. पश्चिमेला सॅन फ्रान्सिस्कोचे जायंट्स, पूर्वेला ओकलंडचे ॲथलेटिक्स, आणि मधे दोन्ही गावांना जोडणारा बे ब्रिज. तिसरा सामना सुरू व्हायला एकतीस मिनिटे उरली होती, तेव्हा जमीन हलली. त्रेसष्ट माणसे गेली.

हा घटनाक्रम लावताना मला एक गोष्ट राहून राहून जाणवते. त्या मोसमातले जे क्षण चाहते आजही जिवापाड जपतात, त्यांनीच पाच वाजून चार मिनिटांनी कोण कुठे असेल हे थोडे थोडे ठरवत आणले होते. म्हणून त्या दिवसाच्या सकाळपासून मोजायला लागून भागत नाही. दहा आठवडे मागे जावे लागते.

८ ऑगस्ट, मध्यरात्र उलटल्यावर

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला सांताक्रूझचे डोंगर आहेत. तिथल्या लेक एल्समन या तळ्याजवळ पाचहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. जून १९८८ मध्येही त्याच भागात तेवढाच धक्का बसून गेला होता. दोन्ही वेळा राज्य सरकारने पुढच्या पाच दिवसांसाठी सावधगिरीची सूचना काढली. पाच दिवस गेले, काही झाले नाही, आणि लोक आपापल्या कामाला लागले. यात त्यांची चूक म्हणता येत नाही. भूगर्भातल्या हालचालीला पंचांग नाही.

१० ऑगस्ट, कँडलस्टिक पार्क

दोनच दिवसांनी जायंट्सच्या मैदानावर डेव्ह ड्रॅवेकी चेंडू टाकायला उभा राहिला. दहा महिन्यांपूर्वी त्याच्या डाव्या, म्हणजे चेंडू टाकण्याच्याच दंडातली कर्करोगाची गाठ काढली होती आणि तिच्याबरोबर खांद्याच्या स्नायूचा निम्मा भागही. पुन्हा खेळता येईल असे डॉक्टरांनाही वाटत नव्हते. त्या दिवशी त्याने सिनसिनाटीला ४-३ असे हरवले. लोक उठून उभे राहिले ते बराच वेळ बसलेच नाहीत. पाच दिवसांनी माँट्रियलमध्ये चेंडू टाकता टाकता त्याचा तोच हात मोडला. संघ मात्र त्या दिवसांपासून वेगळाच खेळू लागला, असे चाहते सांगतात, आणि मला ते पटते.

४ ऑक्टोबर, शिकागो

नॅशनल लीगच्या अंतिम फेरीत समोर शिकागो कब्ज होते. पहिल्या सामन्याच्या चौथ्या डावात तिन्ही बेसवर जायंट्सचे खेळाडू होते आणि फलंदाजीला विल क्लार्क येत होता. कब्जचा पिचर ग्रेग मॅडक्स आपल्या मॅनेजरशी बोलत होता आणि क्लार्कची नजर त्याच्या ओठांवर होती. पुढचा चेंडू वेगवान आणि अंगाच्या बाजूला येणार, हे त्याने ओठांवरून ओळखले. चेंडू तसाच आला आणि प्रेक्षकांत जाऊन पडला. एका फटक्यात चार धावा. आज मैदानावर बोलताना पिचर तोंडासमोर हातमोजा धरतात, ती सवय या घटनेनंतर पसरली असे सांगतात. जायंट्स ११-३ ने जिंकले.

९ ऑक्टोबर, कँडलस्टिक पार्क, आठवा डाव

या फटक्यापाशी मी जरा थांबणार आहे.

जायंट्स मालिकेत ३-१ ने पुढे होते, पण हा पाचवा सामना १-१ असा अडला होता. दोन जण बाद झाले होते. कब्जच्या पिचरने ओळीने तिघांना वॉक दिला, म्हणजे चेंडू न मारताच पहिल्या बेसवर जाऊ दिले, आणि तिन्ही बेस भरले. तेव्हा कब्जनी मिच विल्यम्सला आणले. डावखुरा, तुफान वेगाचा, आणि चेंडू कुठे जाईल हे कधी कधी त्यालाही न कळणारा. समोर क्लार्क, तोही डावखुरा. अशा जोडीत फायदा पिचरचा असतो. क्लार्क मागे पडला. आणखी एक चुकला की डाव संपला. मग तो अडून राहिला. चेंडू नुसता निसटता लागत होता, रेषेबाहेर जात होता, पण बाद होत नव्हता. आणि मग एक चेंडू त्याने सरळ पिचरच्या बाजूने मधोमध मारला. दोन धावा झाल्या. ३-१. नवव्या डावात कब्जनी एक धाव काढून सगळ्यांचा जीव टांगणीला लावला, तरी सामना ३-२ असा जायंट्सचा झाला.

१९६२ नंतर जायंट्स पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजला पोहोचले होते. १९६२ ची मालिका याच मैदानावर सातव्या सामन्यात एका धावेने गेली होती. विली मॅकोव्हीने सणसणीत मारलेला शेवटचा चेंडू सरळ बॉबी रिचर्डसनच्या हातमोज्यात जाऊन बसला होता. सत्तावीस वर्षे लोक तो चेंडू मनातल्या मनात दोन फूट वर उचलत होते. क्लार्कच्या फटक्याने ते ओझे उतरले. मैदानावर खेळाडूंचा ढीग झाला. ड्रॅवेकीही धावत गेला, त्या गर्दीत पडला आणि त्याचा हात पुन्हा मोडला.

क्लार्कने त्या मालिकेत वीस वेळा बॅट चालवून तेरा वेळा फटक्यावर बेस गाठला. आकडे मोठेच आहेत. पण मला त्या एका फटक्याचा हिशेब निराळा दिसतो. तो चेंडू अडला असता आणि पुढे कब्ज जिंकत गेले असते, तर तिसरा सामना शिकागोला झाला असता. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या माणसाला १७ तारखेला ऑफिसातून लवकर निघायचे काही कारण नव्हते.

१४ आणि १५ ऑक्टोबर, ओकलंड

हे दोन दिवस जायंट्सच्या चाहत्यांनी विसरायचे ठरवले आहे, तेव्हा मीही लांबण लावत नाही. शनिवारी डेव्ह स्ट्युअर्टने जायंट्सना एकही धाव काढू दिली नाही, ५-०. रविवारी ५-१. सोमवारी विश्रांती. खाडी ओलांडून मंगळवारी कँडलस्टिकवर यायचे होते. आपल्या मैदानावर चित्र पालटेल ही आशा अजून शाबूत होती.

१७ ऑक्टोबर, दुपार

कँडलस्टिक पार्क शहराच्या आग्नेय टोकाला, खाडीच्या अगदी काठावर होते. तिथला वारा बदनाम. १९६१ च्या ऑल स्टार सामन्यात चेंडू टाकायच्या बेतात असलेला पिचर स्टू मिलर वाऱ्याच्या झोताने डोलला आणि त्याबद्दल त्याच्यावर नियमभंग पुकारला गेला, असा तो वारा. उन्हाळ्यातही लोक तिथे गोधड्या घेऊन जात. त्या मंगळवारी मात्र पान हलत नव्हते. उबदार, स्वच्छ, थांबलेली हवा. तिथली जुनी माणसे अशा हवेला भूकंपाची हवा म्हणतात. शास्त्रात त्याला आधार नाही. पण त्या दिवसानंतर ही समजूत कोणाच्या मनातून काढणे कठीण झाले.

दुपारी ३ ते ४:३०

सामना ५:३५ ला सुरू होणार होता, पूर्व किनाऱ्यावर रात्रीच्या जेवणानंतर दिसावा अशा बेताने. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर तो नेमका ऑफिस सुटायच्या वेळेवर आला होता. दोन्ही संघ इथलेच, म्हणून लोकांनी आपापली सोय लावली. कोणी अर्धी रजा टाकली, कोणी साहेबाला सांगून लवकर निघाले, कोणी ऑफिसातच किंवा जवळच्या बारमध्ये टीव्हीसमोर जागा धरली. बासष्ट हजारांवर माणसे कँडलस्टिककडे निघाली होती. बाकीचे घराकडे.

आता खाडीच्या पलीकडे, पश्चिम ओकलंडमध्ये, सायप्रेस नावाचा दुमजली महामार्ग पाहू. १९५७ साली तो खुला झाला. वरच्या मजल्यावरून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या, खालच्या मजल्यावरून उत्तरेकडे. काळ्या, कष्टकऱ्यांच्या वस्तीच्या मधोमध तो उभा केला होता, वस्तीला न विचारता. त्याच्या उत्तरेकडच्या भागाखाली खाडीचा मऊ गाळ होता. खांब आणि वरचा मजला जिथे जुळत होते तिथल्या काँक्रीटमध्ये लोखंडाचे वेढे पुरेसे नव्हते. उभा भार पेलायला ते पुरत होते. आडव्या हिसक्याचा विचार त्या काळच्या नियमांत फारसा नव्हता.

एरवी मंगळवारी पाच वाजता या रस्त्यावर गाडीला गाडी लागलेली असे. त्या मंगळवारी रस्ता बराच मोकळा होता. पुढे अनेकांनी हे सांगितले आणि बचावकार्यातल्या लोकांना आकडे जमवतानाही तेच कळले.

इथे मला किल्लारी आठवते, आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी मराठवाडा हादरला, तेव्हा लोक आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून दमून झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती झोपेतच अंगावर आल्या. तिथे सणाने माणसे घरी आणली आणि घरेच पडली. इथे खेळाने माणसे रस्त्यावरून घरी नेली आणि रस्ता पडला.

५:००

एबीसी वाहिनीचे प्रक्षेपण सुरू झाले. समालोचनाला अल मायकल्स, टिम मॅकार्व्हर आणि जिम पामर. मायकल्स पूर्वी जायंट्सच्या सामन्यांचे समालोचन करत असे, त्यामुळे शहराचा कोपरा न् कोपरा त्याच्या ओळखीचा होता. थोड्याच वेळात त्या ओळखीचा फार उपयोग होणार होता. मैदानावर खेळाडू हातपाय मोकळे करत होते. बायकापोरे प्रेक्षकांत बसली होती.

५:०४

त्या दिवशीची चित्रफीत आजही पाहता येते. मी ती अनेकदा पाहिली आहे आणि प्रत्येक वेळी त्या जागी अंगावर काटा येतो.

मॅकार्व्हर बोलत असतो. पडद्यावर रविवारच्या सामन्यातली दृश्ये चालू असतात. एकाएकी चित्र फाटल्यासारखे होते. मॅकार्व्हरचा आवाज अडखळतो. मग मायकल्सचा आवाज येतो, इथे भूकंप होतोय असे तो सांगू लागतो, आणि भूकंप हा शब्द पुरा व्हायच्या आतच सगळे बंद. काळा पडदा. मग वर्ल्ड सिरीजची एक स्थिर पाटी. काही क्षणांनी आवाज परत येतो, चित्र नसते. दूरचित्रवाणीच्या इतिहासात इतकी जबरदस्त सुरुवात कुठल्या कार्यक्रमाची झाली नसेल, असे काहीतरी मायकल्स बोलून जातो. बोलताना त्याला एवढेच माहीत असते की आपण जिवंत आहोत. पूल पडलाय हे अजून कोणालाच माहीत नाही.

घड्याळात पाच वाजून चार मिनिटे आणि पंधरा सेकंद झाले होते. आपल्याकडे १८ तारीख उजाडत होती, पहाटेचे पाच चौतीस. केंद्र मैदानापासून सुमारे साठ मैलांवर, लोमा प्रिएटा या डोंगराजवळ, जमिनीखाली अठरा किलोमीटरवर. तीव्रता ६.९. म्हणजे ऑगस्टच्या धक्क्याच्या शंभराहून अधिक पट ऊर्जा. सॅन अँड्रियास भ्रंशालगतचा हा तुकडा दोन्ही दिशांना एकदम फाटत गेला. तो एकाच दिशेने फाटला असता तर हादरे जास्त वेळ चालले असते. ते पंधरा सेकंदांच्या आसपास चालले.

कँडलस्टिकवर आधी गडगडाट ऐकू आला. विमान फार खालून गेले असे काहींना वाटले, वरच्या मजल्यावर लोक पाय आपटताहेत असे काहींना. मग सिमेंटचा तो सगळा डोलारा लाटेसारखा वरखाली झाला. दिव्यांचे खांब झुलले. वरच्या सज्जाच्या सांध्यातून काँक्रीटचे तुकडे सुटून खाली पडले. बासष्ट हजार माणसे, आणि एकही त्या मैदानात दगावला नाही.

५:०५

हादरे थांबले. क्षणभर शांतता, आणि मग प्रचंड जल्लोष. कॅलिफोर्नियाच्या माणसाला भूकंप नवा नसतो, आणि हा आपल्या संघाच्या बाजूने निसर्गाने दिलेला कौल आहे असे वाटून लोक टाळ्या वाजवत होते. एकाने पुठ्ठ्यावर मजकूर लिहून फलकही उंचावला: हे तर काहीच नाही, जायंट्सची बॅटिंग येऊ द्या.

त्या जल्लोषाचा आवाज मला फार छळतो. लोकांना दोष द्यावा असे त्यात काहीच नाही. त्यांना कळले नव्हते, इतकेच. त्याच मिनिटाला पश्चिम ओकलंडमध्ये सायप्रेसचा वरचा मजला सव्वा मैलभर लांब खालच्या मजल्यावर बसला होता. बे ब्रिजच्या वरच्या मजल्याचा सुमारे पन्नास फुटांचा तुकडा तुटून खालच्या मजल्यावर लोंबत होता. शहरात सहाव्या रस्त्याजवळ विटांची एक भिंत कामावरून निघालेल्यांच्या गाड्यांवर कोसळली होती. सांताक्रूझमध्ये पॅसिफिक गार्डन मॉलमधली जुनी दुकाने पडली होती.

५:१० ते ५:४०

वीज गेली होती. ध्वनिक्षेपक बंद. पण बेसबॉलचा चाहता मैदानात येताना खिशातला रेडिओ घेऊन येतो, काहींनी तर बॅटरीवर चालणारे छोटे टीव्हीही आणले होते. बातमी त्यातून फुटली आणि रांगेरांगेने सरकत गेली. पूल पडला. पूल म्हणजे कुठला? बे ब्रिज. थोड्या वेळापूर्वी त्याच पुलावरून आलेली हजारो माणसे तिथे बसली होती. टाळ्या थांबल्या. पोलिसांच्या गाड्या मैदानात आल्या.

खेळाडूंनी बायकापोरांना प्रेक्षकांतून उचलून मैदानाच्या मधोमध आणले, जिथे डोक्यावर काही पडणार नाही. जायंट्सचा पिचर केली डाउन्स पूर्ण गणवेशात एका लहान मुलाला कडेवर घेऊन निघाला आहे, हे छायाचित्र त्या दिवसाची खूण होऊन बसले. दोन दिवस एकमेकांशी झुंजलेले दोन्ही संघांचे खेळाडू एकत्र उभे होते आणि सगळे आकाशाकडे नाही तर जमिनीकडे पाहत होते.

बेसबॉलचे आयुक्त फे व्हिन्सेंट यांना पदावर येऊन जेमतेम दीड महिना झाला होता. त्यांच्या आधीचे आयुक्त बार्ट जियामाती १ सप्टेंबरला अचानक वारले होते. सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळणार, दिवे नाहीत, आणि साठ हजार माणसांना अंधार पडायच्या आत बाहेर काढायचे. व्हिन्सेंट यांनी सामना पुढे ढकलला. लोक रांगेने, एकमेकांना धरून, जिन्यांवरून उतरले. चेंगराचेंगरी झाली नाही. मला हा त्या संध्याकाळचा सर्वांत मोठा खेळ वाटतो.

५:३० च्या पुढे, पश्चिम ओकलंड

सायप्रेसवर सर्वांत आधी कोण पोहोचले? ज्यांच्या घरावरून तो रस्ता गेला होता, ते. आजूबाजूच्या घरांतली आणि कारखान्यांतली माणसे शिड्या, दोर, हाताला लागेल ते घेऊन धावली. फोर्कलिफ्ट आणून तिच्या पात्यावर उभे राहून ती वर चढली. धूळ, पेट्रोलचा वास, आतून येणाऱ्या हाका. वरचा मजला खालच्यावर असा बसला होता की काही ठिकाणी मधे जेमतेम हातभर जागा उरली होती. पुन्हा धक्का बसला तर हेही गाडले जातील, हे प्रत्येकाला कळत होते. तरी ती माणसे आत शिरली आणि अनोळखी माणसांना ओढून बाहेर काढत राहिली. ज्या वस्तीला या रस्त्याने तीस वर्षे नुसता धूर आणि सावली दिली, तिने त्यावरच्या लोकांसाठी जीव धोक्यात घातला. माझ्या लेखी या सगळ्या घटनाक्रमातले सर्वांत वर ठेवायचे पान हे आहे.

६:०० च्या सुमारास, मरीना

शहराच्या उत्तर टोकाला मरीना ही देखणी वस्ती. १९१५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी खाडीत भराव घालून ही जमीन तयार केली होती. त्या भरावात १९०६ च्या भूकंपाचा राडारोडाही होता. हादऱ्याने भरावाची वाळू पाण्यासारखी पातळ झाली आणि ठिकठिकाणी कारंज्यासारखी वर आली. तिच्याबरोबर १९०६ च्या जळक्या लाकडाचे तुकडेही वर आले, ते पुढे भूशास्त्रज्ञांनी गोळा केले. तळमजल्यावर गॅरेज असलेल्या इमारती गुडघे मोडल्यासारख्या बसल्या. आग लागली, आणि पाण्याचे नळ फुटलेले. शेवटी फिनिक्स नावाची अग्निशामक बोट किनाऱ्याला लागली आणि खाडीचे पाणी उपसून देऊ लागली. जड होस पाइप ओढायला रहिवासी स्वतः हात लावत होते.

मैदानावरच्या आकाशातून खेळ दाखवायला आलेली गुडइयरची हवाई नौका आता तुटलेला पूल आणि ही आग दाखवत होती. मायकल्स त्या चित्रांवर बोलत होता, हा कुठला रस्ता, ही कुठली इमारत, हे देशाला समजावत होता.

जुना महान खेळाडू जो डिमॅजिओ त्या संध्याकाळी कँडलस्टिकवर होता. त्याचे घर मरीनात. तो परतला आणि इतरांसारखाच रांगेत उभा राहिला, आपले घर उभे आहे का हे कळायची वाट पाहत.

१८ ते २६ ऑक्टोबर

दुसऱ्या दिवशी व्हिन्सेंट यांनी एका हॉटेलात मेणबत्तीच्या उजेडात पत्रकार परिषद घेतली. एवढ्या दुःखापुढे आमचा खेळ लहान आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आधी २४ तारीख ठरली, मग ती २७ वर गेली. मालिका रद्द करावी असे म्हणणारेही बरेच होते.

सायप्रेसखाली सुरुवातीला दोनशेच्या वर मेले असतील असा अंदाज होता. एरवीच्या मंगळवारची गर्दी धरून तो काढला होता. ढिगारा उपसत गेला तसा आकडा खाली येत गेला. शेवटी बेचाळीस. बेचाळीस घरे उजाडली, हे लहान नाही. पण प्रत्येक रिकाम्या निघालेल्या जागेमागे कोणीतरी असा होता जो त्या वेळी टीव्हीसमोर बसला होता.

ओकलंडचा पिचर डेव्ह स्ट्युअर्ट मूळचा ओकलंडचाच. तो ढिगाऱ्यापाशी जाऊन तिथे राबणाऱ्यांना भेटत राहिला. शास्त्रज्ञांनी डोंगरात यंत्रे बसवून अशी सोय केली की पुढचा धक्का निघाला तर रेडिओवरून ढिगाऱ्यातल्या कामगारांना काही सेकंद आधी इशारा मिळेल. शनिवारी, २१ तारखेला सकाळी, सुमारे नव्वद तासांनी, एका गाडीतून एक माणूस जिवंत निघाला. गोदीत काम करणारा. सगळ्या देशाने श्वास सोडला. महिनाभराने, नोव्हेंबरात, तो वारला.

२७ ऑक्टोबर, कँडलस्टिक पार्क, ५:०४

दहा दिवसांनी लोक त्याच खुर्च्यांवर परत आले. यायचे कसे, हा प्रश्न मनात घेऊनच आले असणार. पाच वाजून चार मिनिटांनी सगळे उभे राहिले आणि एक शब्द न बोलता उभे राहिले. मग सॅन फ्रान्सिस्कोवरचे गाणे झाले, १९३६ च्या, १९०६ च्या भूकंपावरच्याच चित्रपटातले. साठ हजार माणसे ते एका आवाजात गात होती. पहिला चेंडू टाकायचा मान बचावकार्य केलेल्यांना दिला गेला.

खेळात ओकलंड १३-७ ने जिंकले. स्ट्युअर्टच पिचर होता आणि त्याच्या संघाने पाच होमरन मारले. चित्र पालटेल ही आशा संपली, पण त्या रात्री कोणी फारसे चिडलेले नव्हते.

२८ ऑक्टोबर, नववा डाव

ओकलंड ९-६ ने पुढे. जायंट्सच्या ब्रेट बटलरचा चेंडू जमिनीवरून घरंगळत गेला, टोनी फिलिप्सने तो उचलला आणि पहिल्या बेसकडे धावत आलेल्या डेनिस एकर्सलीकडे फेकला. बटलर बाद झाला. ओकलंडचे खेळाडू एकमेकांना भेटले, मिठ्या मारल्या आणि कपडे बदलायच्या खोलीत गेले. शॅम्पेन कोणी उघडली नाही.